हो म्हणण्यापूर्वी

नव्या इमारतीत घर घेतलेल्या माणसाला एकच तारीख पाठ असते, ताबा मिळण्याची. सध्याच्या घराचे भाडे, कर्जाचा हप्ता, मुलांच्या शाळेचा प्रवेश, सगळे त्या तारखेशी जोडलेले असते. पूर्वी ही तारीख बिल्डरच्या तोंडी असे आणि बऱ्याचदा तोंडीच राहत असे. २०१६च्या स्थावर संपदा कायद्याने तिला वजन आणले. महाराष्ट्रात मे २०१७पासून ‘महारेरा’चा कारभार सुरू झाला. प्रकल्पाची नोंदणी करतानाच तो कधी पूर्ण होणार हे जाहीर करणे विकासकाला भाग पडले. ठरलेल्या तारखेला ताबा मिळाला नाही, तर पैसे व्याजासह परत मागण्याचा किंवा प्रकल्पात राहून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घेण्याचा हक्क कलम १८ने ग्राहकाला दिला. तारीख चुकण्याची मोठी कारणे सर्वांना ठाऊक आहेत: पैसा दुसरीकडे वळवला जातो, परवानग्या अडकतात, प्रकरण कोर्टात जाते. पण पैसा आहे, परवानग्या आहेत, माणसेही आहेत, तरी काम मागेच पडते, असेही होते. तिथे तारीख एका दिवसात चुकत नाही, दर आठवड्याला थोडी थोडी चुकत जाते. साइटवर कुणीतरी कुणाला तरी ‘गुरुवारपर्यंत करून देतो’ असे म्हटलेले असते, आणि गुरुवार उलटून गेलेला असतो.

हे छोटे वायदे किती पाळले जातात, ते अमेरिकेतील ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या दोघा अभ्यासकांनी १९९०च्या दशकात मोजायला घेतले. त्यांची पद्धत अगदी साधी होती. आठवड्याच्या सुरुवातीला साइटवर जी कामे ‘या आठवड्यात होणार’ म्हणून लिहिली गेली, त्यांपैकी किती आठवड्याअखेर खरोखर पूर्ण झाली, एवढेच पाहायचे. उत्तर सरासरी ५४ टक्क्यांच्या आसपास आले. हा वर्षभरानंतरचा अंदाज नव्हता. समोर दिसत असलेल्या कामाचा, अनुभवी माणसांनी दिलेला, येत्या पाच-सहा दिवसांचा शब्द होता, आणि तोही जवळपास निम्म्या वेळा चुकत होता. कारणे नोंदवली, तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. कामगार आळशी होते म्हणून किंवा पाऊस आला म्हणून कामे राहिली, असे फार थोड्या वेळा दिसले. बहुतेक वेळा आधीचे काम झालेले नव्हते, माल आलेला नव्हता, नकाशा अपुरा होता किंवा माणसे दुसरीकडे पाठवलेली होती. म्हणजे शब्द दिला गेला त्या क्षणीच तो पाळला जाणे अवघड होते. चूक काम करताना झाली नव्हती, ‘हो’ म्हणताना झाली होती.

या लेखाचे म्हणणे तेवढेच आहे. कामाच्या ठिकाणी विश्वास कमावायचा, तर शब्द पाळण्यासाठी शेवटी रात्रीचा दिवस करणे उपयोगाचे असले, तरी खरी मेहनत त्याआधीची असते. काय कबूल करायचे, कोणत्या अटीवर, कोणत्या दिवसाचे, आणि कशाला नाही म्हणायचे, हे ठरवण्याची ती मेहनत आहे. शब्दाला जागणारा माणूस हा स्वभावाने सज्जन असतो, असे आपण समजतो. सज्जनपणा हवाच, पण तो पुरत नाही. शब्द देणे हे एक कसब आहे, आणि ते बहुतेक कचेऱ्यांत, कारखान्यांत आणि साइटवर कुणी कुणाला शिकवत नाही.

साइटवरच्या एका स्लॅबचे उदाहरण जवळून पाहू. शनिवारी तिसऱ्या मजल्याचा स्लॅब टाकायचा ठरला आहे. त्याआधी सेंट्रिंगवाल्याने फळ्या ठोकून, टेकू लावून, लेव्हल तपासून द्यायची आहे. मग फिटर लोक खालची सळई बांधणार, तिच्याखाली कव्हर ब्लॉक ठेवणार. त्यानंतर इलेक्ट्रिशियन विजेचे पाइप आणि पंख्याचे बॉक्स टाकणार, प्लंबर सांडपाण्याच्या पाइपांसाठी जागा सोडून घेणार, मग वरची सळई, आणि शेवटी इंजिनिअरची तपासणी. काँक्रीटच्या प्लँटला आधीच वेळ दिलेली असते, पंप ठरवलेला असतो, स्लॅब भरणाऱ्या टोळीला रोज कबूल केलेला असतो. गाडीत भरलेले काँक्रीट साधारण दोन तासांच्या आत ओतून संपवायचे असते, त्यामुळे गाड्या फाटकाशी ताटकळत ठेवता येत नाहीत. आता इलेक्ट्रिशियनने गुरुवारी संध्याकाळपर्यंत पाइप टाकण्याचा शब्द दिला होता आणि शुक्रवारी दुपारीही दोन खोल्या बाकी आहेत. काम नव्वद टक्के झाले आहे, पण स्लॅबच्या दृष्टीने ते झालेलेच नाही, कारण काँक्रीट पडल्यावर त्या दोन खोल्यांत पाइप घालता येणार नाही. शनिवारचा स्लॅब मंगळवारवर जातो. पंपाचे भाडे अंगावर येते, टोळी दुसऱ्या साइटवर निघून जाते. पुढे स्लॅब पडल्यावर टेकू काढण्याआधी भारतीय मानकानुसार किमान सात दिवस आणि मोठ्या गाळ्याला चौदा दिवस थांबायचे असतेच. त्यात घासाघीस चालत नाही, म्हणून गेलेले तीन दिवस मागाहून भरून काढता येतीलच असे नाही.

इलेक्ट्रिशियन कामचुकार होता का? कदाचित नाही. बुधवारी सकाळी त्याला काम सुरू करायचे होते, पण खालची सळई बुधवारी दुपारी बांधून झाली. पाइप संपले होते, ते आणायला माणूस गेला. पंख्याच्या जागेबद्दल नकाशात दोन ठिकाणी दोन आकडे होते. यातली एकेक गोष्ट सोमवारी विचारली असती तर कळली असती. पण सोमवारी त्याला कुणी विचारले, तेव्हा प्रश्न असा होता: ‘गुरुवारपर्यंत होईल ना?’ या प्रश्नाला आपल्याकडे एकच सभ्य उत्तर असते. ‘होईल की, साहेब.’ विचारणाऱ्यालाही तेच हवे असते, कारण त्याने वरच्या साहेबाला शनिवार आधीच सांगून टाकलेला असतो. दोघांनी मिळून वेळ मारून नेलेली असते.

असे वारंवार झाले की साइटवरच्या तारखांचे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. इंजिनिअर अनुभवाने शिकतो की हा माणूस दोन दिवस उशीर करतो, म्हणून पुढच्या वेळी तो शनिवारऐवजी गुरुवार सांगतो. मुकादमही शिकतो की साहेबांच्या गुरुवारला दोन दिवसांची ढील असते, म्हणून तो शनिवारच्या हिशेबाने चालतो. मग साहेब मंगळवार सांगू लागतात. प्रत्येकाच्या मनात एक तारीख आणि तोंडात दुसरी. खरोखर तातडीचे काम येते तेव्हा ते तातडीचे आहे हे सांगायला शब्दच उरत नाहीत. ‘अर्जंट’ हा शेरा मारलेले कागद कचेरीत सर्वांत जास्त दिवस का पडून राहतात, याचे उत्तर इथे आहे. खोटी मुदत देणारा साहेब आणि खोटी कबुली देणारा हाताखालचा माणूस ही एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत. त्यामुळे विश्वास गेला याचा दोष नेहमी खालच्या माणसाच्या माथी मारणे बरोबर नाही.

विश्वास नसण्याची किंमत हिशेबाच्या वहीत वेगळी लिहिलेली सापडत नाही, म्हणून ती कमी वाटते. ती भलत्याच खात्यांत विखुरलेली असते. आठवण करून द्यायला केलेले फोन, ‘फॉलोअप’साठी नेमलेली माणसे, वेळेवर येईल याची खात्री नाही म्हणून आधीच भरून ठेवलेला माल, एकाच कामासाठी दोघांना सांगून ठेवणे, झालेल्या कामाची दुसऱ्यांदा तपासणी. हे सगळे विश्वासाच्या जागी भरलेले पैसे आहेत. कॉर्नेल विद्यापीठाच्या टोनी सायमन्स यांनी अमेरिका आणि कॅनडातील ७६ हॉटेलांत साडेसहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना विचारले की तुमचा व्यवस्थापक बोलतो तसे वागतो का, दिलेला शब्द पाळतो का. उत्तरे पाचपैकी गुणांत मोजली आणि हॉटेलांच्या हिशेबाशी ताडून पाहिली. २००२ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा होता: या गुणांत एका गुणाच्या आठव्या भागाएवढी जरी सुधारणा दिसली, तरी हॉटेलचा नफा उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांनी वाढलेला दिसत होता, म्हणजे त्या हॉटेलांच्या मानाने वर्षाला अडीच लाख डॉलरहून अधिक. अशा पाहणीतून कारण आणि परिणाम यांचे नाते पुरते सिद्ध होत नाही, हे मान्य करायला हवे. चांगले चालणाऱ्या हॉटेलात शब्द पाळणे सोपेही जात असेल. तरीही सायमन्स यांनी व्यवस्थापकाच्या वागण्याच्या ज्या ज्या बाजू तपासल्या, त्यांत नफ्याशी इतके घट्ट नाते दुसऱ्या कशाचे दिसले नाही.

मग प्रामाणिक, मेहनती माणसे शब्द का मोडतात? एक कारण डोक्यातच आहे. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल, हे विचारले. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात सुमारे ५५ दिवस लागले. सगळे उलटेच घडले तर किती लागतील, असेही विचारले होते, तेव्हा उत्तर ४९ दिवसांच्या आत होते. म्हणजे वाईटात वाईट धरून केलेला अंदाजही अपुरा ठरला. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी या प्रवृत्तीकडे १९७९ सालीच लक्ष वेधले होते. अंदाज करताना माणूस हे काम कसे होईल याचे चित्र मनात रंगवतो. अशी कामे याआधी किती वेळात झाली, याकडे तो वळत नाही. मागच्या वेळचा उशीर त्याला अपवाद वाटतो, कारण त्या वेळची कारणे वेगळी होती. या वेळची कारणेही वेगळीच असतील, हे त्याच्या लक्षात येत नाही. दुसरे कारण भिडेचे आहे. नाही म्हणणे उद्धटपणाचे वाटते, ‘बघतो’ म्हणणे सभ्यपणाचे. पण ‘बघतो’ हे विचारणाऱ्याच्या कानाला ‘करतो’ असे ऐकू येते, आणि दोन आठवड्यांनी भांडण त्यावरूनच होते.

बॅलार्ड-हॉवेल यांनी यावर जो उपाय बसवला, तो ‘लास्ट प्लॅनर’ या नावाने बांधकामाच्या जगात पसरला. त्याचा गाभा असा आहे की काम कधी होणार हे कचेरीतल्या तक्त्याने ठरवायचे नाही. ते करून घेणारा शेवटचा माणूस, म्हणजे फोरमन किंवा मुकादम, त्याने सांगायचे, आणि तेही काही गोष्टी तपासून. काम नेमके सांगता येते का: ‘वायरिंग करणे’ नव्हे, तर तिसऱ्या मजल्यावरच्या पूर्वेकडच्या दोन फ्लॅटचे स्लॅबमधले पाइप. त्यासाठी लागणारा माल, नकाशा, जागा, परवानगी, आधीचे काम, सगळे तयार आहे का. क्रम बरोबर आहे का. आणि आपल्याकडे जेवढी माणसे आहेत तेवढ्यांच्या हातून ते होण्याजोगे आहे का. यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर ते काम आठवड्याच्या यादीत घ्यायचेच नाही. पुढच्या साधारण सहा आठवड्यांकडे नजर ठेवून कोणत्या कामाला काय आडवे येणार आहे ते शोधायचे, आणि ते दूर करण्याची जबाबदारी वरच्यांनी घ्यायची. आठवड्याअखेर प्रत्येक कामापुढे ‘झाले’ किंवा ‘नाही झाले’ एवढेच लिहायचे. नव्वद टक्के हा पर्याय नाही, कारण पुढच्या टोळीला नव्वद टक्क्यांवर काम सुरू करता येत नाही. जे झाले नाही त्याचे कारण लिहायचे, आणि तेच कारण दुसऱ्यांदा दिसले तर त्याच्या मुळाशी जायचे.

ही पद्धत बांधकामातून आली असली, तरी तिच्यातला विचार बँकेच्या शाखेला, शाळेच्या कचेरीला, सॉफ्टवेअरच्या कंपनीला किंवा छापखान्यालाही लागू पडतो. मंगळवारी अहवाल देतो म्हणणाऱ्याने आधी पाहावे की त्यातले आकडे ज्या विभागाकडून यायचे तो विभाग ते कधी देणार आहे. मुंबईच्या डबेवाल्यांच्या वक्तशीरपणाचे कौतुक आपण भरपूर करतो, पण तो कशाच्या जोरावर टिकतो हे कमी सांगितले जाते. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे स्टीफन थॉम्के यांनी त्यांच्या कामाचा अभ्यास करताना दोन गोष्टी टिपल्या. एक, प्रत्येक गटात दोन-तीन माणसे जादा ठेवलेली असतात आणि जिथे अडेल तिथे ती उभी राहतात. दोन, डबा वारंवार वेळेवर तयार न ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सोडून देतात. म्हणजे त्यांच्या हमीमागे राखीव हात आहेत आणि समोरच्याने पाळायची अटही आहे. प्रत्येक माणसाचा प्रत्येक तास कामाने भरून ठेवणारी कचेरी काटकसरी दिसते, पण एक जण आजारी पडला की तिचे दिलेले सगळे शब्द एकाच दिवशी कोलमडतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो अनिश्चिततेचा. काही कामांत तारीख सांगताच येत नाही, नवे यंत्र, नवे औषध, न्यायालयातले प्रकरण, बिघाड कुठे आहे हेच न कळलेली संगणक-प्रणाली, मग शब्द कसा द्यायचा? आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. निकालाचा शब्द देता येत नसेल, तर पुढच्या पावलाचा देता येतो. ‘दुरुस्ती कधी होईल ते आज सांगता येणार नाही, पण बिघाड कुठे आहे ते बुधवारी बारापर्यंत सांगतो’ हाही पाळता येण्याजोगा, मोजता येण्याजोगा शब्द आहे. समोरच्याला बहुतेक वेळा हवा असतो तो आधार एवढाच. अनिश्चितता जितकी जास्त, तितका शब्द जवळच्या मुदतीचा हवा. जिथे काहीच सांगता येत नाही असे वाटते, तिथे बहुधा पुरेसे बारीक तुकडे पाडलेले नसतात.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. नाही म्हणण्याची सोय साहेबांना असते, शिपायाला, कंत्राटी कामगाराला किंवा नोकरीत नव्याने लागलेल्या मुलीला नसते. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण म्हणूनच ही जबाबदारी वरच्यांकडे जाते. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचे ‘हो’ ही कबुली नसते. ते फक्त हुकूम ऐकल्याची पोच असते, आणि त्या पोचेवर योजना उभारणारा अधिकारी स्वतःलाच फसवत असतो. हाताखालच्या माणसाला ‘होईल ना?’ असे विचारण्याऐवजी ‘हे व्हायला काय काय लागेल?’ असे विचारले, की त्याला खरे बोलायला वाट मिळते. आणि खालच्या पायरीवरच्या माणसालाही सरळ नकाराच्या अलीकडे एक जागा असते, अटीसह होकाराची. ‘आकडे सोमवारी मिळाले तर गुरुवारी देतो, मंगळवारी मिळाले तर शनिवार होईल.’ यात उद्धटपणा नाही, आणि उशीर झालाच तर पाणी कुठे मुरले हे आधीच स्पष्ट असते.

तिसरा आक्षेप हुशार लोक घेतात. शब्द मोजायला लागलात, तर माणसे कमी कबूल करतील, मुदती फुगवतील आणि शंभर टक्के गुण मिळवतील. हे होतेच. कोणतेही मोजमाप बक्षीस-शिक्षेला जोडले की ते मोजमाप म्हणून निकामी होते, हे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखले जाणारे निरीक्षण इथेही लागू आहे. म्हणून हा आकडा माणसाच्या पगारवाढीला नव्हे, कामाच्या तयारीला लावायचा असतो. नकाशा वेळेवर आला नाही हे कारण महिन्यात चारदा आले, तर मुकादमाला झापून उपयोग नाही, नकाशा देणाऱ्याकडे जायला हवे. शिवाय फुगवलेली मुदत फार काळ लपत नाही. जो दर वेळी दोन दिवस आधीच काम देतो, त्याच्या तारखेतले दोन दिवस लोक मनातल्या मनात कापू लागतात, आणि खोट्या तारखांचे तेच चक्र पुन्हा सुरू होते.

इथेच ‘कमी सांगा, जास्त द्या’ या लोकप्रिय सल्ल्याचाही हिशेब करायला हवा. आयलेट नीझी आणि निकोलस एप्ली यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत शब्द मोडणारा, पाळणारा आणि शब्दापेक्षा जास्त देणारा अशा तिघांकडे लोक कसे पाहतात ते तपासले. शब्द मोडणाऱ्याबद्दलचे मत घसरले, हे अपेक्षितच होते. पण जास्त देणाऱ्याला, शब्द जेमतेम पाळणाऱ्याच्या तुलनेत फारसे जास्त श्रेय मिळाले नाही. कबूल केलेले तेवढे नीट आणि वेळेवर देणे यालाच लोक पूर्ण गुण देऊन मोकळे होतात. त्यामुळे एका गिऱ्हाइकाला थक्क करण्यासाठी घातलेले दोन दिवस दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मुदतीतून काढलेले असतील, तर तो व्यवहार तोट्याचाच आहे.

एवढे करूनही शब्द मोडणार. माणूस आजारी पडतो, गाडी बंद पडते, अंदाज चुकतो. तेव्हा काय करायचे, यात विश्वासाची दुसरी परीक्षा असते. पेनसिल्वेनिया विद्यापीठातील मॉरिस श्वाइट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली मांडलेल्या प्रयोगांत पैशांच्या व्यवहारातून विश्वास मोडायला लावला आणि मग तो पुन्हा जुळतो का ते पाहिले. नुसत्या गैरवर्तनाने गेलेला विश्वास, पुढे सातत्याने नीट वागल्यावर परत आला. पण त्या गैरवर्तनासोबत खोटेही बोलले गेले असेल, तर माफी, नवे वचन आणि चांगली वागणूक या सगळ्यांनंतरही तो पूर्वीइतका कधी भरला नाही. कचेरीच्या भाषेत याचा अर्थ सरळ आहे. उशीर माफ होतो, ‘काम चालू आहे’ असे सांगून लपवलेला उशीर माफ होत नाही. गुरुवारचे काम गुरुवारी होणार नाही हे मंगळवारी कळले, तर मंगळवारीच सांगावे, नवी तारीख सांगावी आणि ती मात्र चुकवू नये. मंगळवारी सांगितलेल्या अडचणीवर समोरचा काही तजवीज करू शकतो. गुरुवारी संध्याकाळी सांगितलेली अडचण ही त्याच्या दृष्टीने फक्त सबब असते.

राहता राहिला तो सर्वांत मोठा पक्ष, शब्द देणारी संस्था. सॅन्ड्रा रॉबिन्सन आणि डेनिस रूसो यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, व्यवस्थापनाची पदवी घेऊन नोकरीला लागलेल्या १२८ जणांपैकी जवळपास ५५ टक्क्यांनी सांगितले की दोन वर्षांच्या आत मालकाने दिलेला कुठला ना कुठला शब्द मोडला: प्रशिक्षणाचा, बढतीचा, पगाराचा. आपल्याकडे पैशांच्या बाबतीत हा अनुभव इतका जुना आहे की मुदती कायद्यात लिहाव्या लागल्या. १९३६च्या वेतन कायद्याने पगाराची तारीख ठरवली. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाने साखर कारखान्यांना ऊस मिळाल्यापासून चौदा दिवसांत पैसे देणे आणि चुकल्यास वर्षाला १५ टक्के व्याज देणे बंधनकारक केले, तरी एफआरपीच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या रास्त दराच्या, थकबाकीसाठी महाराष्ट्रातल्या ऊस उत्पादकाला गळीत हंगामात रस्त्यावर उतरावे लागतेच. २००६च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करण्याची मर्यादा घातली, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तेही पुरले नाही, म्हणून मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येणार नाही, अशी प्राप्तिकराची तरतूद २०२३ साली आणावी लागली. कायदा नुकसान भरून देऊ शकतो. पुढचा माल देताना उत्पादकाचा जो हात आखडतो, तो कायद्याने सैल होत नाही. आणि ज्या कंपनीची बिले चार-चार महिने भिजत पडतात, तिने आपल्या कर्मचाऱ्यांकडून वक्तशीरपणाची अपेक्षा करावी, हे तर हास्यास्पदच.

म्हणून वरिष्ठांनी विश्वासावर भाषणे आणि शिबिरे ठेवण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. पगार आणि बिले ठरल्या दिवशी द्यावीत. ज्या कामाची तयारी नाही ते कबूल करायला कुणाला भाग पाडू नये. आणि आठवड्याअखेर कबूल केलेल्या कामांपैकी किती झाली, किती नाही आणि का, हे कुणालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे न करता लिहून ठेवावे. बाकीच्यांसाठी याहून लहान काम आहे. पुढच्या वेळी कुणी ‘कधी देता?’ असे विचारले, की उत्तर देण्याआधी थोडा वेळ मागा, कशावर अडू शकते ते तपासा, आणि मग दिवस सांगा. मागितलेल्या त्या वेळेबद्दल कुणी नाराज झालेच, तर ती नाराजी तेवढ्यापुरतीच राहील. न तपासता दिलेली तारीख चुकली, तर तुमची पुढची प्रत्येक तारीख संशयाने ऐकली जाईल.